हिरवी रेघ

हिलाल बोलला आणि रेघ हलली नाही. पडद्यावर एक काळी चौकट होती, तिच्यात आडवी हिरवी रेघ होती, आणि बन्सीलालने आधीच सांगून ठेवलं होतं की तुम्ही बोललात की ही उसळेल, जेवढा आवाज मोठा तेवढी उसळी मोठी. हिलालने कानांवरचे स्पंजाचे गोळे सारखे केले, तोंडापुढची काडी ओठांशी ओढली, घसा खाकरला आणि म्हणाला, नवती. काही नाही. पिलबाग. काही नाही. मग पोटातून दम काढून, स्टेशनच्या यार्डात एका वॅगनीपासून दुसरीपर्यंत पोचवायचा तसा, वापसी. भिंतीवरची पाल सरकली. रेघ जागची हलली नाही. बन्सीलाल पडद्याकडेच बघत होता. त्याचा कानांवर विश्वास नव्हता, रेघेवर होता. "बोला ना हिलालभाऊ," तो म्हणाला. हिलालला कसंतरीच झालं. ज्या माणसाने अर्धं आयुष्य नुसत्या बोलण्याचा पगार घेतला, त्याला शेजारी बसलेला पोरगेला माणूस म्हणतो बोला ना, आणि तो थट्टाही करत नाही, कारण त्याच्या हिशेबाने हिलाल अजून बोललेलाच नाही.

सावद्याच्या केळी संघाच्या ऑफिसातली ही मागची खोली. पूर्वी इथं सुतळीचे गठ्ठे असायचे, आता टेबल, त्यावर प्लॅस्टिकचं आवरण काढलेला कॉम्प्युटर आणि वर एक पंखा, जो फिरायचा पण वारा द्यायचा नाही. पुढच्या खोलीत हिलालचं टेबल आणि त्यावर काळा फोन. त्याचं काम सांगायला सोपं होतं. दुपारी संघाचे चार मोठे लोक दार लोटून बसत, दिल्लीला फोन लावत, चहा पीत आणि केळीचे भाव ठरवत; ठरलेले भाव हिलाल दिवसभर फोनवर सांगत बसे. नवतीचा भाव, म्हणजे पहिल्या लागवडीच्या मालाचा. पिलबागेचा, म्हणजे त्याच खोडाच्या पिलांवर धरलेल्या पिकाचा. वापसीचा, म्हणजे व्यापाऱ्याने नाक मुरडून बाजूला फेकलेल्या बारक्या मालाचा. रावेर, यावल, पार शिरपुरापर्यंतचे लोक फोन लावत. चार जणांनी दाराआड काय केलं त्याच्या शिव्या हिलालच्या कानात पडत, कारण त्या चौघांचा नंबर कोणाकडे नव्हता. तो शिव्या ऐके, नवतीपासून पुन्हा सुरुवात करी. लोक त्याला आवाजाने ओळखत, तोंडाने नाही. एकदा भडगावला लग्नाच्या पंगतीत त्याने वाढप्याला पाणी मागितलं, तर पलीकडच्या ओळीतला एक अनोळखी म्हातारा घास तसाच हातात धरून वळला आणि म्हणाला, "आज नवती काय निघाली हो?"

मग संघाचे अध्यक्ष रुपचंदनाना कुठल्याशा अभ्यासदौऱ्यावर गेले आणि तिथं त्यांनी फोनवर बोलणारा कॉम्प्युटर ऐकला. एक माणूस एकदाच बोलतो, नाना परत आल्यावर ज्याला त्याला सांगत होते, सगळे आकडे एकदाच बोलून ठेवतो, मग रोज नुसते भाव टाकायचे, मशीन आपलं आपण जोडून घेतं आणि सांगतं. रात्री सांगतं, दिवाळीला सांगतं, आजारी पडत नाही. पुढल्या वर्षी दोन हजार साल लागणार, आपण काय सुतळीच मोजत बसायचं का. सगळ्यांनी माना डोलावल्या. हिलालचं काय, हे कोणीच विचारलं नाही, तेव्हा नानांनीच मोठ्या मनाने सांगितलं की हिलाल काट्यावर येईल, तिथं मोकळी हवा आहे. काटा म्हणजे यार्डातला वजनकाटा. वर पत्रा, खाली खडी, बसायला खोकं, आणि मे महिन्यातलं सावद्याचं ऊन. हिलालचा उजवा गुडघा खुर्चीतून उठतानाच कुरकुरायचा. काट्यावर दिवसभर उभं राहायचं म्हणजे गुडघ्याने हात वर केले असते. निवृत्तीला अजून बरीच वर्षं होती आणि एवढी एक खुर्ची, तिची डाव्या बाजूची सैल झालेली वेताची वीण, फोनच्या रिसीव्हरला लागलेला त्याच्या कानाच्या तेलाचा डाग, एवढंच काय ते त्याने कमावलं होतं. ते जाणार की राहणार हे आता या रेघेवर होतं. ती हलली की तो काट्यावर.

म्हणून ती हलली नाही तेव्हा त्याला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्याच खाली, त्याच जागी, राग आला. मी बोलतोय आणि तुला ऐकू येत नाही?

बन्सीलाल जळगावला कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. अंगाने किरकोळ, शर्टाच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर, बोलताना सगळं 'काही विशेष नाही' असं म्हणायची सवय. काही विशेष नाही, तो म्हणाला, पिना उलट्या लागल्या असतील. हेडफोनच्या वायरीला शेवटी दोन पिना होत्या, एक हिरवी, एक लाल. एक ऐकायची, एक बोलायची. डब्याच्या मागे एकसारखी तीन भोकं. त्याने टेबल पुढे ओढलं, अंधारात हात घातला, पिना अदलाबदल केल्या. बोला. हिलाल बोलला. रेघ पडून. मग वायरीवरच एक बारीक बटण निघालं, ते सरकवलं. बोला. पडून. मग पडद्यावर एक खिडकी उघडली, तिच्यात वरखाली करायच्या दांड्या, आणि माइकच्या दांडीखाली 'मुका' अशा अर्थाच्या चौकटीत बरोबरची खूण होती, ती काढली. बोला. प्रत्येक वेळी हिलाल नवतीपासून बोलत होता, आणि प्रत्येक वेळी बोलायच्या आधी त्याच्या छातीत दोन माणसं भांडत होती. एक म्हणायचा, हलू नको. दुसरा म्हणायचा, हल की, हल गं बाई, एकदा तरी. बन्सीलालने हेडफोनची पट्टी त्याच्या डोक्यावरून काढून स्वतःच्या डोक्यावर घातली, हॅलो हॅलो म्हणाला, माइकवर टिचक्या मारल्या. त्याचीही रेघ हलली नाही तेव्हा हिलालला जे बरं वाटलं ते त्याचं त्यालाच हलकट वाटलं.

बन्सीलालने पडद्यावर कुठूनतरी एक लांबलचक यादी आणली. मशीनला काय काय जोडलंय ते इथं दिसतं, तो म्हणाला, आवाजाचं कार्ड दिसतंय, बिघाडही दिसत नाही, मग आवाज जातो कुठं? त्याने सीडी घातली, आवाजाचं सगळं पुसून पुन्हा भरायला घेतलं. निळी पट्टी हळूहळू भरत आली आणि पोचता पोचता लाइट गेली. पंखा आणखी दोन-तीन गरके घेऊन थांबला. बन्सीलालने वीज खात्याच्या आईचं नाव काढलं, कपाळ पुसलं आणि चहा प्यायला बाहेर गेला. हिलाल हेडफोन पुन्हा डोक्यावर चढवून बसून राहिला. कानांवर स्पंज असल्यामुळे बाहेरचं काही येत नव्हतं. फक्त स्वतःच्या नाकातून जाणारं-येणारं वारं ऐकू येत होतं, दुसरं कोणीतरी शेजारी झोपल्यासारखं. त्याची बायको मंजुळाबाई म्हणायची, फोनवर जितलं बोलतस, तितलं एक दिवस मन्हासंगे बोला. तो घरी बोलत नसे, हे खरं. बोलून बोलून दमलेलं तोंड घरी नेऊन तो नुसतं जेवायला वापरी. ती चिडे, मग सवयीने गप्प होई, आणि दोघं ओट्यावर बसत, आणि त्या गप्प बसण्यात काही वाईट नव्हतं, पण तिला ते वाईट वाटे आणि तिला वाटतं हे त्याला कळे आणि तरी शब्द येत नसत. शब्द त्याने फार पूर्वी दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकले होते. धुळ्याच्या बोर्डिंगात. शिरपूरच्याही पलीकडून, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून आलेला पोरगा, पहिल्याच दिवशी उभं राहून म्हणाला, मन्हं नाव हिलाल शे. वर्ग फुटून हसला. मास्तर हसले नाहीत, ते त्याहून वाईट. नळावर जा, तोंड धुऊन ये, म्हणाले. आणि तो खरंच गेला. खरंच धुतलं, चूळ भरली, परत येऊन ओलं तोंड घेऊन उभा राहिला. त्यानंतर कोणी सांगायची गरज पडली नाही, तो आपलं आपणच धूत राहिला. हॉटेलातल्या रेडिओच्या बातम्या ऐकून ऐकून त्याने असं मराठी कमावलं की पुढे फोनवर लोक त्याला साहेब म्हणू लागले. कुठले हो तुम्ही, पुण्याचे का? तो हो म्हणत नसे, नाहीही म्हणत नसे. ज्या भाषेत त्याची आई गाईला हाक मारायची त्याच भाषेत समोरचा माणूस फोनवर तडफडून विचारायचा, भाऊ, कापू का थांबू, भाव चढई का पडई, आणि हा रेडिओच्या गळ्यातून सांगायचा, संघातर्फे फक्त भाव कळवले जातात. नियमच होता तसा. मग तो पुढे काही बोलत नसे, पण फोनही ठेवत नसे. पलीकडचा माणूस बोलत राही, पाण्याचं, मजुरांचं, पोरीच्या सासरचं, आणि हा रिसीव्हर कानाला लावून बसे. कोणाचं काही सुटत नसे त्याने. लोक ठेवताना मात्र म्हणत, बरं भाऊ, ठेवू मग.

लाइट आली. निळी पट्टी पहिल्यापासून भरावी लागली. सगळं झालं, मशीन बंद करून सुरू झालं, बोला, हिलाल बोलला, रेघ पडून. आता बन्सीलालच्या तोंडून 'काही विशेष नाही' यायचं बंद झालं. त्याने पिशवीतून वॉकमन काढला, हेडफोनची हिरवी पीन त्यात खुपसून पाहिली, गाणं वाजलं. म्हणजे कान चांगले, तो म्हणाला. हेडफोनच बदलावा लागेल, उद्या जळगावहून दुसरा आणतो, नाहीतर कार्ड तरी गेलंय, मग मुंबईहून मागवायचं, आठवडाही लागेल, महिनाही. महिना. हिलालने तो शब्द तोंडात घोळवला. मग बन्सीलालने शेवटचं म्हणून विजेरी पेटवली, टेबलाखाली आडवा झाला आणि एकेका भोकात उजेड मारून पाहू लागला.

"हिलालभाऊ, याची पूजा कोणी केली?"

"मी केली. का?"

"याच्या भोकात तांदूळ आहे."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नानांनी मुहूर्त धरला होता. नारळ, पेढे, फोटो. भटजी दुसरीकडे अडकले म्हणून नाना म्हणाले हिलालच करेल, त्याच्याच जागी बसणार आहे हे मशीन. लोक हसले, हिलालही हसला. आणि मग त्याने पूजा केली ती मनापासून केली, कारण त्याला दुसऱ्या तऱ्हेने काही करता येत नसे. पडद्याला सगळ्यांनीच कुंकू लावलं. हिलाल मागे गेला. त्याच्या गावाकडे विहिरीवरची मोटार पूजतात तेव्हा पंख्याला नाही, वीज जिथून आत शिरते तिथं बोट लावतात. जिथून खातं तिथं हात जोडायचे, बाप सांगायचा. या डब्याला खायची पुष्कळ तोंडं होती. हिलालने एकेक तोंडाला ओल्या कुंकवाचं बोट लावलं, वर अक्षता दाबल्या, आणि मनात म्हणाला, चाल बाबा नीट. एक दाणा आत घसरला, कुंकवात माखून वाळला आणि खिळ्यासारखा बसला. पीन त्याच्यावर टेकत होती, पूर्ण आत जातच नव्हती. केसभर बाहेर राहत होती, आणि केसभरानेच सगळं अडलं होतं.

बन्सीलालने मशीन बंद केलं, टाचणीचं टोक वाकवून आकडा केला आणि जमिनीवर पालथा पडून कोरू लागला. हसू दाबत होता. कॉम्प्युटरला देव करायचा तर करा, पण जेवायला तरी वाढू नका, म्हणाला. हिलाल विजेरी धरून उकिडवा बसला होता, गुडघा ठणकत होता. विजेरी जरा हलवली असती तर. नुसतं म्हटलं असतं की बन्सीलालभाऊ, उद्या बघू, ऊन फार झालं. तो कंटाळलेलाच होता, गेला असता. हिलालने हात स्थिर धरला. का धरला? असा प्रश्न त्याला नंतर पुष्कळ दिवस पडायचा होता. त्या वेळी त्याला एवढंच दिसत होतं की घशात अडकलंय आणि ते निघालं पाहिजे. दाणा निघाला. लाल, फुटका, ज्वारीच्या कणीएवढा. बन्सीलालने तो फुंकून टाकला. पीन आत गेली, टक् वाजलं. मशीन पुन्हा सुरू झालं.

"बोला."

"नवती," हिलाल म्हणाला, आणि रेघ उसळली.

उसळली म्हणजे काय, फुटली. दोन्ही बाजूंना हिरवं काटेरी झाड उभं राहिलं आणि मिटलं. तो पुन्हा बोलला, पुन्हा झाड. तो हळू बोलला, लहान झाड. त्याला काटा, पत्रा, गुडघा काही आठवलं नाही. तोंडभर हसू आलं, पोरासारखं, आणि ते लपवावंसंही वाटलं नाही. घेऊ का आकडे, त्यानेच विचारलं. बन्सीलालने बटण दाबलं आणि हिलालने सुरुवात केली, "लाभ, दोन, तीन —"

"थांबा. लाभ काय?"

हिलाल ओशाळला. केळीचे घड वॅगनीत भरताना मोजायची ती रीत. पहिल्याला कोणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. तिथंच तर त्याचा आवाज नानांच्या कानात भरला होता, हमाली करताना. मशीनला लाभ कळत नाही भाऊ, बन्सीलाल म्हणाला, एक म्हणा. हिलाल एक म्हणाला. मग पुढे शंभरापर्यंत. मराठीची हीच बोंब, बन्सीलाल कुरकुरला, इंग्रजीत थोडक्या शब्दांवर भागतं, आपल्याकडे प्रत्येकाचं तोंड वेगळं. पण हिलालला थकवा नव्हता. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी ही फसवी घरं तो सावकाश, एकेक पाय ठेवून उतरला. शहाण्णव, सत्याण्णव. फोनवर त्याने कधी इतकं नीट सांगितलं नव्हतं. फोनवर कोणी दुसऱ्यांदा विचारेल ही खात्री असे. इथं एकदाच, आणि मग कायमचं. त्याने आपल्याजवळचं उत्तम तेवढं काढून दिलं. शेवटी नमस्कार, संघाचं नाव, नवती, पिलबाग, वापसी. मग पट्टी डोक्यावरून काढली तेव्हा कानांमागे घाम होता आणि खोली फार शांत होती, आणि त्या शांततेत त्याला कळलं की आपलं आता सगळं देऊन झालं.

बन्सीलाल झाडं कापत होता. प्रत्येक शब्दाच्या आधी-मागे रेघ जिथं सपाट तिथून कापायचं, शब्द वेगळा ठेवायचा. नमस्काराच्या अगोदर एक बारीकसा फुगवटा होता, गवतासारखा. हे काय, हिलालने विचारलं. काही विशेष नाही, तुमचा श्वास आहे, काढून टाकतो. "राहू दे तो," हिलाल म्हणाला. आपण असं का म्हणालो हे त्याला कळलं नाही. बन्सीलालने समजावलं की माणसं एसटीडीने लांबून फोन लावतात, मीटर पळत असतं, त्यांनी तुमच्या श्वासाचं बिल का भरायचं. हिलालने वाद घातला नाही. राहू दे, एवढंच पुन्हा म्हणाला, आणि बन्सीलालने खांदे उडवले.

संध्याकाळी नाना आले. बन्सीलालने मशीन पुढच्या खोलीत हिलालच्या टेबलावर आणलं, तिथला फोन काढून त्याची वायर मशीनला लावली, त्या दिवसाचे भाव टाकले, बटण दाबून ऐकवलं. नाना डोळे मिटून ऐकत होते.

"सुरुवातीला हे खस्स काय वाजतं?"

"हिलालभाऊ आहेत," बन्सीलाल म्हणाला.

नाना हसले. "काढ."

"नाही काढायचा," हिलाल म्हणाला. खोलीतल्या तिघांनाही ते ऐकून नवल वाटलं, त्यात हिलाल होताच. नानांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "हिलाल, तुला काट्यावर जायचं नाही, हे सरळ सांग ना. श्वासाचं काय घेऊन बसला?" नानांना फसवणं सोपं नव्हतं. पण हिलालला खरंच ते सांगायचं नव्हतं. काट्यावर तर जायचंच आहे नाना, तो म्हणाला, कधी ते सांगा, उद्या जातो. खुर्ची ठेवा, फोन ठेवा. एवढं एक आहे ते राहू दे. नाना काही बोलणार तेवढ्यात घंटी वाजली. हिलालचा हात सवयीने हवेत गेला आणि तिथं फोन नव्हता. दोन घंट्यांवर मशीनने उचललं. बन्सीलालने स्पीकर चालूच ठेवला होता. त्याने बोट ओठांवर धरलं, बघा आता.

आधी श्वास आला. खोलीभर, मोठा, थकलेला. मग मशीन बोलणार त्या अगोदरच पलीकडची बाई बोलली, घाईघाईने, पाण्यात बुडता बुडता काठ दिसावा तशी.

"हिलालभाऊ? भाऊ, मी तानुबाई. शिरपूरकडली. भाऊ, वारानी बठ्ठी केळ आडी पाडी दिन्ही —"

नमस्कार, मशीन म्हणालं. पूर्व खान्देश केळी विक्री संघ.

"ऐका ना भाऊ. घड अजून कवळा शेतस. आते काय करू मी?"

नवती, मशीन म्हणालं. आवाज स्वच्छ, कुठलाच नसलेला, एकेक आकडा पाय ठेवून उतरणारा. बाई थांबली, त्याचं होऊ दिलं, मग पुन्हा म्हणाली, भाऊ? पिलबाग, मशीन म्हणालं. वापसी. आणि मग संपलं, आणि लाइन अजून उघडी होती, आणि ती तिकडे काही न बोलता थांबली होती, हा ऐकतोय म्हणून, इतकी वर्षं थांबत आली तशी. हिलाल स्पीकरवर वाकला, तिचं नाव घेतलं, पुन्हा घेतलं. तिच्यापर्यंत काही जात नव्हतं. त्याच्या आवाजाची जागा मशीनने घेतली होती. "बरं भाऊ," ती शेवटी म्हणाली, "ठेवू मग." लाइन तुटली.

नाना खूश होते. बन्सीलालच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, झकास, तिला पत्तासुद्धा लागला नाही. आणि मग उदार होऊन, राहू दे रे तो याचा श्वास, कोणाचं काय जातंय.

हिलाल उभा होता, हात टेबलावर टेकून, जिथं फोन असायचा तिथं.

"काढा तो," तो म्हणाला. "तिला वाटतंय कोणी आहे."